दिवे कोण लावणार?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रात्री साडेआठच्या सुमारास वसईतल्या आमच्या चर्चमध्ये बाकं सरकवल्याचा आवाज येऊ लागतो. पुढच्या रांगा भिंतीला लागतात, मोकळ्या जागेत सतरंज्या पसरतात आणि वेदीसमोर बुटक्या ठोकळ्यांवर एक मोठा लाकडी क्रूस आडवा ठेवला जातो. हे सगळं करणारी मुलं अठरा ते पंचविशीतली. कोणी विरार लोकलमधून उतरून थेट आलेलं असतं, पाठीवरची सॅकही उतरवलेली नसते. कोणी वाडीतून फुलं घेऊन येतं. प्रार्थना नऊला सुरू होते, कारण मुंबईत कामाला जाणारी मुलं त्याआधी पोहोचूच शकत नाहीत. पूर्वी युवकांचे कार्यक्रम संध्याकाळच्या मिस्सानंतर ठेवले जायचे, तेव्हा ही मुलं अजून अंधेरी-बोरिवलीच्या गर्दीत उभी असायची. त्यांचं येणं-जाणं पाहून वेळ ठरवली, ते मला कोणत्याही स्वागतगीतापेक्षा मोठं वाटतं.

प्रार्थनेची ही पद्धत मूळची फ्रान्समधल्या तेझे गावची. ब्रदर रॉजर १९४० साली, युद्ध पेटलेलं असताना, बर्गंडीतल्या त्या लहानशा गावात आले आणि तिथे त्यांनी वेगवेगळ्या ख्रिस्ती परंपरांतल्या बंधूंचा समुदाय उभा केला. पुढे जगभरातली तरुण मुलं तिथे जाऊ लागली. तिथे दिवसातून तीनदा सगळे एकत्र प्रार्थना करतात. छोट्या ओळी पुन्हापुन्हा गातात, स्तोत्र आणि एखादा लहानसा उतारा वाचतात, मग बराच वेळ शांत बसतात. शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीलगत आडवा ठेवतात, आणि ज्याला वाटेल तो जाऊन लाकडावर कपाळ टेकवतो. आमच्याकडे हे सगळं मराठीत होतं. स्तोत्रसंहितेतली एखादी ओळ घ्यायची आणि तिला चाल लावायची, हे काम मुलंच करतात. साथीला हार्मोनियम, तबला आणि एक गिटार.

या गटाचा एक नियम आहे. पहिल्यांदा आलेल्याला नुसतं बसवून ठेवायचं नाही. गटाची जबाबदारी सांभाळणारी मुलगी दाराशी उभी असते. नवा चेहरा दिसला की नाव विचारते आणि लगेच म्हणते, "ये, पणत्यांत तेल घालायचंय." मागे एक मुलगा आला होता. त्याचं कुटुंब नुकतंच नालासोपाऱ्याहून आमच्या धर्मग्रामात राहायला आलेलं. आईने आग्रह केला म्हणून आला होता, मागच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात तेलाची बाटली आली. पन्नास पणत्या भरून होईपर्यंत शेजारी वाती वळणाऱ्या दोघांशी त्याची ओळख झाली होती. पुढच्या खेपेला तो विचारायला आला, "आज दिवे कोण लावणार?" मी अनेक वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत. दृढीकरणाचा संस्कार झाला की मुलं दिसेनाशी होतात, हे दुःख आम्हा सगळ्या शिक्षकांचं आहे. त्यांच्यासाठी आम्ही खूप काही करतो. त्यांच्यावाचून अडेल असं काही त्यांच्याकडे देत नाही.

वाचनाची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. घरी कादोडी किंवा वाडवळी बोली, शाळेत इंग्रजी, अशा या मुलांना देवनागरीतलं मराठी अडखळत वाचावं लागतं. म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' त्यांच्या हाती दिलं. मध्यंतरी बाल शमुवेलाचा प्रसंग होता. रात्री त्याला हाक ऐकू येते, याजक एली बोलावतोय असं समजून तो तीनदा धावत त्याच्याकडे जातो. शेवटी म्हाताऱ्या एलीला उमगतं की हाक देवाची आहे, आणि काय उत्तर द्यायचं ते सांगून तो मुलाला परत पाठवतो. वाचणारी मुलगी 'एली' या नावाशी दर वेळी किंचित थांबायची. का, असं विचारलं तर म्हणाली, "तो त्याला जवळ बसवून उपदेश करत नाही ना, जा म्हणतो." आम्हा वडीलधाऱ्यांचं काम याहून नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही.

वाचनानंतर शांतता, आठ ते दहा मिनिटं. या भागाबद्दल पॅरिश कौन्सिलमध्ये बरीच चर्चा झाली होती. मुलं चुळबुळ करतील, मध्ये एखादं गाणं टाकावं, निदान फादरांनी दोन शब्द बोलावेत. फादरांनी ते ऐकलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते मुलांच्या मागे, सतरंजीवर बसतात. पंखे फिरत असतात, रस्त्यावरून मोटारसायकली जातात. खोकला, खाकरणं, माळेच्या मण्यांचा आवाज, हे सगळं आम्हा मोठ्यांच्या बाजूने येतं. पहिल्या एक-दोन मिनिटांत मुलांचे खांदे सैल होतात, कोणी मान खाली घालतं, कोणी क्रुसाकडे एकटक बघत राहतं. रोज अडीच-तीन तास लोकलमध्ये काढणारा एक मुलगा मला म्हणाला होता, "अंकल, दिवसभर कोणी ना कोणी मला काहीतरी सांगत असतं. इथे मला बोलता येतं." या दहा मिनिटांत त्याच्या तोंडून एक शब्दही निघालेला नव्हता.

मग विनवण्या. त्या मुलं आधी चिठ्ठ्यांवर लिहितात. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांत जगाची शांती आणि पोपमहाशयांचं आरोग्य असायचं. त्या प्रार्थनाही खऱ्याच. पण हळूहळू वसई उतरू लागली. भावाचं पिणं सुटावं. कंपनीने कामावरून काढलंय हे पप्पांना सांगायचं बळ मिळावं. वाडी बिल्डरला द्यायची की नाही यावरून बाबा आणि काका बोलेनासे झालेत, ते बोलावेत. नावं कोणी लिहीत नाही, आणि चिठ्ठी दुसऱ्याच्याच हाती वाचायला जाते. स्वतःच्या घरातलं दुःख दुसऱ्याच्या आवाजात, साऱ्या गावाच्या प्रतिसादासह ऐकलेली मुलं क्रुसाजवळ जातात तेव्हा त्यांची पावलं वेगळी पडतात.

क्रिकेटच्या स्पर्धा, सहली, नाताळचे देखावे हे सगळं असावंच. त्यातून मैत्री होते. पण त्यांच्या सुरुवातीला उरकून घ्यायची गोष्ट म्हणून प्रार्थना ठेवली, की मुलंही ती तशीच धरतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तरुणांना उद्देशून लिहिलेल्या 'ख्रिस्तुस विविट'मध्ये, युवकसेवेत तरुण स्वतःच कर्ते असतात यावर भर आहे. माझं म्हणणं इतकंच की हे कर्तेपण प्रार्थनेपाशीही पोहोचावं. स्पर्धेची व्यवस्था त्यांच्याकडे आणि प्रार्थना फक्त आमच्याकडे, अशी वाटणी नको.

शुक्रवारची मुलं आता रविवारच्या मिस्सात वाचनाला असतात. गावात कोणी वारलं की त्या घरी रोज संध्याकाळी होणाऱ्या प्रार्थनेलाही जाऊ लागली आहेत. तिथे त्यांची अडचण होते. रोझरी त्यांना येते, पण तिच्यानंतरची लदीन नावाची विनवणी-प्रार्थना म्हाताऱ्या बायका तोंडपाठ गातात, आणि मुलांना फक्त प्रतिसादापुरतं तोंड उघडता येतं. गेल्या महिन्यात तिघं-चौघं अशाच एका आजींकडे गेली आणि शिकवा म्हणाली. मोबाइलवर रेकॉर्ड करून घेऊ, असं त्यांनी सुचवलं. आजींना ते पसंत पडलं नाही. समोर बसून म्हणायचं, चुकलं तर पुन्हा म्हणायचं, अशी त्यांची अट. वेळही त्यांनीच ठरवली. रविवारी मिस्सानंतर, आणि पहिल्या दिवशी दोनच ओळी.