प्रांतागणिक करार : कॅनडाच्या संघराज्याचा मागोवा

१ जुलै १८६७ रोजी कॅनडाचे संघराज्य अस्तित्वात आले तेव्हा आजच्या दहा प्रांतांपैकी केवळ चार त्यात होते, आणि शेवटचा प्रांत असलेला न्यूफाउंडलंड सामील होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. या ८२ वर्षांत प्रत्येक प्रांत आपापल्या अटी मान्य करून घेऊन आत आला. त्या अटी ध्यानात घेतल्याखेरीज तेथील केंद्र, प्रांत आणि नगरपालिका या तीन स्तरांमधील अधिकारांची वाटणी नीट उलगडत नाही.

एकीकरणाची निकड प्रथम भासली ती राज्यकारभार अडून बसल्यामुळे. ब्रिटिशांनी १८४१ मध्ये इंग्रजीभाषक अप्पर कॅनडा आणि फ्रेंचबहुल लोअर कॅनडा या वसाहती जोडून ‘कॅनडा प्रांत’ निर्माण केला आणि विधानसभेत दोन्ही भागांना समान, म्हणजे प्रत्येकी ४२ जागा दिल्या. त्या वेळी लोकसंख्या फ्रेंच भागाची अधिक असल्याने ही समानता इंग्रजांच्या पथ्यावर पडली. पुढे पारडे फिरले, तेव्हा पश्चिम भागाचे नेते जॉर्ज ब्राउन लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मागू लागले, आणि कोणतेही मंत्रिमंडळ फार काळ टिकेनासे झाले. अखेर जून १८६४ मध्ये ब्राउन यांनी जॉन ए. मॅकडोनाल्ड आणि जॉर्ज-एतिएन कार्तिए या आपल्या प्रतिस्पर्ध्यांशी हातमिळवणी केली. शाळा, धर्म, मालमत्तेचे कायदे अशा जिव्हाळ्याच्या बाबी प्रत्येक भागाने स्वतः पाहाव्यात आणि सामायिक बाबींसाठी एक वरिष्ठ संसद असावी, हा तोडगा त्यातून पुढे आला. फ्रेंच समाजाला तो मान्य करायला लावण्याचे श्रेय प्रामुख्याने कार्तिए यांना द्यावे लागते.

बाहेरील परिस्थितीनेही घाई केली. शेजारच्या अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिच्याशी १८५४ मध्ये झालेला व्यापार करार १८६६ मध्ये संपुष्टात आला आणि त्याच वर्षी आयरिश फेनियन बंडखोरांनी सीमेवर हल्ले चढवले. सप्टेंबर १८६४ मधील शार्लटटाउन परिषद मुळात अटलांटिक किनाऱ्यावरील वसाहतींच्या आपसातील एकीकरणासाठी बोलावलेली होती. कॅनडा प्रांताच्या मंत्र्यांनी तेथे जाऊन व्यापक संघराज्याचा प्रस्ताव मांडला, पुढच्याच महिन्यात क्वेबेक येथे ७२ ठराव संमत झाले आणि त्यांच्याच आधारे ब्रिटिश संसदेने १८६७ चा ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायदा केला.

या कायद्यातील योजना जाणीवपूर्वक केंद्राकडे झुकलेली होती, कारण राज्यांना अतिरिक्त अधिकार दिल्यानेच अमेरिका दुभंगली अशी मॅकडोनाल्ड यांची धारणा होती. व्यापार, चलन, बँका, संरक्षण आणि फौजदारी कायदा केंद्राकडे गेले. रुग्णालये, शिक्षण, नगरपालिका, मालमत्ता व नागरी हक्क प्रांतांकडे. शेती व स्थलांतर हे विषय दोघांकडे. कोणत्याही यादीत न बसणारे विषय, म्हणजेच शेषाधिकार, केंद्राला मिळाले. शिवाय प्रांताचा नायब गव्हर्नर केंद्राने नेमावा आणि प्रांतिक कायदा रद्द करण्याचा अधिकारही केंद्राला असावा, अशी तरतूद होती. भारताच्या राज्यघटनेनेही शेषाधिकार केंद्राकडे ठेवले आणि राज्यपालाची नेमणूक केंद्राकडे सोपवली, त्यामुळे मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल.

जनतेला मात्र फारसे विचारले गेले नव्हते. नोव्हा स्कोशियात चार्ल्स टपर यांनी निवडणूक न घेताच विधिमंडळाची संमती मिळवली. परिणामी सप्टेंबर १८६७ मध्ये तेथील मतदारांनी केंद्रीय संसदेच्या १९ पैकी १८ जागा विलीनीकरणाच्या विरोधकांना दिल्या. लंडनने माघारीची मागणी फेटाळली, तेव्हा विरोधकांचे नेते जोसेफ हाऊ यांनी १८६९ मध्ये वाढीव अनुदान पदरात पाडून घेतले आणि स्वतः केंद्रीय मंत्रिमंडळात प्रवेश केला. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये आला तो दहा वर्षांत रेल्वे पुरी करण्याच्या वचनावर, जी प्रत्यक्षात १८८५ मध्ये पूर्ण झाली. प्रिन्स एडवर्ड आयलंड १८७३ मध्ये आले ते रेल्वेच्या कर्जातून आणि परदेशस्थ जमीनदारांच्या तावडीतून सुटण्यासाठी.

मॅनिटोबाची कहाणी या सर्वांहून वेदनादायक आहे. हडसन्स बे कंपनीकडून विशाल पश्चिम प्रदेश ३ लाख पौंडांना घेताना तेथील रहिवाशांचा विचारही झाला नाही. तेव्हा युरोपीय व मूळनिवासी अशा दुहेरी वंशाच्या मेती समाजाने लुई रिएल यांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार स्थापून वाटाघाटी घडवून आणल्या, आणि १८७० च्या मॅनिटोबा कायद्यात फ्रेंच भाषेला स्थान व मेती मुलांसाठी १४ लाख एकर जमीन मिळवली. भाषेचे वचन प्रांतानेच १८९० मध्ये मोडले. जमिनीच्या वचनाच्या अंमलबजावणीत सरकारने कुचराई केली, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा यायला २०१३ साल उजाडले. अन्य प्रांतांना असलेला जमीन व खनिजांवरचा हक्क मॅनिटोबाला, तसेच १९०५ मध्ये निर्माण झालेल्या अल्बर्टा व सस्कॅचेवान यांना, १९३० पर्यंत नव्हता. अल्बर्टाच्या मनातील केंद्राविषयीच्या अढीचे एक मूळ येथे आहे. न्यूफाउंडलंडने तर १९४८ च्या दुसऱ्या सार्वमतात जेमतेम ५२ टक्के मतांनी होकार दिला.

बलाढ्य केंद्राची मूळ योजना मात्र टिकली नाही, आणि याला प्रांतांच्या चिवटपणाइतकीच लंडनची न्यायालयीन व्यवस्था कारणीभूत ठरली. १९४९ पर्यंत अंतिम अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने ‘मालमत्ता व नागरी हक्क’ या शब्दांचा अर्थ इतका विस्तारला, की १९३७ मध्ये केंद्राची बेकारी विमा योजनाही अवैध ठरली आणि १९४० मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. प्रांतिक कायदा रद्द करण्याचे हत्यार केंद्राने १९४३ नंतर उपसलेले नाही. दरम्यान १८६७ मध्ये किरकोळ खर्चाची वाटणारी रुग्णालये व शाळा आधुनिक राज्याच्या सर्वांत मोठ्या जबाबदाऱ्या बनल्या. म्हणून केंद्र आज १९८४ च्या आरोग्य कायद्यातील अटी पाळणाऱ्या प्रांतांना निधी देते, आणि १९५७ पासून समानीकरण अनुदानाद्वारे, म्हणजे कमी करक्षमता असलेल्या प्रांतांची तूट भरून काढून, समतोल राखू पाहते.

तिसऱ्या स्तराच्या वाट्याला असे काहीच आले नाही. नगरपालिका प्रांताच्या कायद्याने जन्मतात आणि त्याच कायद्याने बदलता येतात. २०१८ मध्ये निवडणुकीचा प्रचार चालू असतानाच ऑन्टॅरिओ सरकारने टोरांटो महापालिकेचे प्रभाग ४७ वरून २५ वर आणले. शहराने दाद मागितली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताचा हा अधिकार कायम ठेवला.