शेकडा दोन म्हणजे किती?

परवा दुपारी शेजारच्या वहिनी हातात एक चिठ्ठी घेऊन आल्या. चेहरा अगदी उतरलेला. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या फीसाठी त्यांनी ओळखीच्या एका गृहस्थांकडे माहेरची अंगठी गहाण ठेवून १०,००० रुपये घेतले होते. व्याज महिन्याला शेकडा दोन. मध्ये व्याज देणे जमलेच नाही. आता चिठ्ठीत रक्कम होती १६,०८४!

"अहो, महिन्याचे दोनशे, तर चोवीस महिन्यांचे चार हजार आठशे. मग हे वरचे कुठून आले?"

हिशेब चक्रवाढीचा होता. पहिल्या महिन्याचे २०० थकले, ते मुद्दलात गेले. दुसऱ्या महिन्याला १०,२०० वर २०४ व्याज, तिसऱ्याला २०८. असे चढत चढत वर्षाअखेर १२,६८२ झाले. म्हणजे 'शेकडा दोन' वर्षाला २४ टक्के वाटले, तरी पडले जवळजवळ २७ टक्के!

आणि खरी हळहळ पुढेच आहे. त्याच वेळी वहिनींची बँकेत १०,००० ची मुदत ठेव होती, सात टक्क्यांनी. "ठेव मोडायची नाही" म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. तिथेही चक्रवाढच, पण दर तीन महिन्यांनी. त्यामुळे सात टक्क्यांचे वर्षाला ७.१९ पडले आणि दोन वर्षांत ११,४८९ झाले. एका हाताने १,४८९ मिळवले, दुसऱ्या हाताने ६,०८४ घालवले.

तेव्हा मैत्रिणींनो, पैसे घेताना किंवा ठेवताना दोन प्रश्न जरूर विचारा. दर महिन्याचा की वर्षाचा? आणि व्याज मुद्दलात केव्हा केव्हा मिळवणार?

एक सोपी युक्तीही सांगते. ७२ ला दराने भागा, साधारण तेवढ्या काळात रक्कम दुप्पट होते. महिना दोन टक्के असेल तर ३६ महिन्यांत कर्ज दुप्पट. वर्षाला सात टक्के असेल तर ठेव दुप्पट व्हायला दहा वर्षे!

अडचण आली तर आधी बँकेत विचारावे. ठेव न मोडताही तिच्यावर कर्ज मिळते, आणि त्याचा दर बहुधा ठेवीच्या दराहून एकदोन टक्केच जास्त असतो.

वहिनींनी ठेवीचे पैसे काढले, कमी पडले ते भिशीतून घातले आणि अंगठी सोडवून आणली. आता चिठ्ठ्याचपाट्यांचा हिशेब त्या स्वतःच करतात, बरं का!