ओढ्याचा काठ पुन्हां कसा जिवंत होतो

नरसिंहपूर येथें नीरा व भीमा यांचा संगम असल्यामुळें आमच्या टापूंत पाण्याची गोष्ट निघाली कीं जो तो या दोन नद्यांविषयींच बोलतो. त्यांना मिळणाऱ्या लहानसहान ओढ्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. वास्तविक काठच्या विहिरींचा पाझर व शेताची माती राखण्याचें काम हे ओढेच करीत असतात. आज त्यांच्या काठीं वेडी बाभूळ माजली आहे, गुरांच्या खुरांनीं दरडी ढासळत आहेत. आणि उपाय एकच सुचविला जातो कीं, यंत्र आणून सगळें साफ करावें. या उपायाविषयीं मजला मोठी शंका आहे.

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराच्या मॉस्मन या उपनगरांत वस्तीला लागून नैसर्गिक रानाचे पट्टे राखलेले आहेत. त्यांत परदेशी झुडपें माजलीं होतीं. आपल्याकडील घाणेरी ही देखील त्या शहराच्या रानांस व ओढ्यांस झालेली एक मोठी पीडाच आहे. १९६० नंतरच्या दशकांत जोन व आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनीं हें रान हातानें निंदण्याचें काम आरंभिलें. त्यांची रीत आपणां शेतकऱ्यांस प्रथमदर्शनीं उलटी वाटेल. जेथें तण सर्वांत दाट तेथें आपण आधीं तुटून पडतों. त्यांनीं मात्र जेथें अस्सल रान अद्याप शाबूत होतें तेथून प्रारंभ केला व बिघडलेल्या भागाकडे हळूहळू सरकत गेल्या. माती शक्य तितकी कमी हलवावयाची, बाजूस सारलेला पाचोळा पुन्हां जागच्या जागीं पसरावयाचा, आणि मोकळ्या केलेल्या जागेंत देशी रोपें उभीं राहीपर्यंत पुढें पाऊल टाकावयाचें नाहीं. १९७० नंतर तेथील नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें हीच रीत उचलली.

यांतील मर्म उघड आहे. उघडी पडलेली माती प्रथम तणाच्या हातीं जाते. शेजारीं करंज, निर्गुडी, लव्हाळा, मारवेल यांचें बीं व मुळें जिवंत असतील तर तीं ती जागा व्यापतात. नसतील तर वेडी बाभूळच परत येते. यंत्रानें ओढा खरवडला म्हणजे हीं मुळें जातात, काठ उभा कापला जातो, आणि काठावर टाकलेला मातीचा ढीग पहिल्याच मोठ्या पावसांत पुन्हां पात्रांत उतरतो.

मुंबईस माहीम येथें मिठी नदीच्या कांठीं पूर्वीं शहराचा कचरा टाकीत. त्याच ३७ एकरांवर आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभें असून तें १९९४ सालीं लोकांस खुलें झालें. परंतु तेथें कचऱ्याखालीं जुनें रान उरलेंच नव्हतें. झाडें लावण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आपल्या ओढ्यांची स्थिति इतकी वाईट नाहीं. एखादें करंजाचें बेट, एखादा उंबर अजून सांपडतो. तेथूनच आरंभ करावा.

वेडी बाभूळ नुसती वरून तोडल्यास दुप्पट धुमारे फुटतात. बुंध्याभोंवतीं वीतभर उकरून डोळ्यांसह गड्डा काढावा, माती दाबावी व वर पाला पसरावा. उतरत्या दरडीवर एका वर्षीं थोडींच खोडें काढावीं. गरिबांचें सरपणही याच झाडावर चालतें, तेव्हां तें सगळें एकदम काढणें न्यायाचेंही नव्हे. शेळ्यामेंढ्या शेंगा खातात व लेंडीवाटे बीं पसरतें, म्हणून मोकळ्या केलेल्या भागांत निदान दोन पावसाळे चराई बंद हवी. हिवरे बाजार येथें चराईबंदी केल्यावर गवत कापून नेण्याची मुभा ठेवली होती. तसेंच येथेंही करतां येईल.

राहिला हद्दीचा प्रश्न. माझी हयात महसुली दप्तरांत गेली, म्हणून हें स्पष्ट लिहितों. सातबाऱ्यावर ओढ्याखालील क्षेत्र ‘पोटखराबा ब’ म्हणून असतें व तें लागवडीस आणतां येत नाहीं. तरीही नांगर दर वर्षीं हातभर पुढें सरकतो. ज्यांनीं असें केलें असेल त्यांनीं तेवढी पट्टी गवतास सोडून द्यावी. कामापूर्वीं ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा, मोजणी करून घ्यावी, आणि हद्दीचे दगड बसल्यावर मगच कुदळ उचलावी.