विद्यार्थी-अर्थसाहाय्य, विद्यापीठीय

विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी विद्यार्थ्याला अनुदान, शुल्कसवलत, कर्ज किंवा अंशकालीन काम या रूपांनी दिली जाणारी मदत. ती कोणाला व किती द्यावयाची, हे ठरविण्याच्या दोन प्रमुख कसोट्या आहेत : गुणवत्ता व आर्थिक गरज. गरज मोजण्याची अत्यंत तपशीलवार पद्धती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली असून, प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिचेच विवेचन केले आहे.

इतिहास : हार्व्हर्ड महाविद्यालयास १६४३ मध्ये लेडी ॲन मौल्सन यांनी गरीब विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी शंभर पौंडांची देणगी दिली. पुढे दीर्घकाळ अशी मदत देणगीदारांच्या इच्छेवर व प्रत्येक संस्थेच्या मर्जीवर अवलंबून राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले विद्यार्थी मिळविण्यासाठी महाविद्यालयांत चढाओढ सुरू झाली. तीमुळे मदतीची रक्कम गरजेनुसार न ठरता बोलीप्रमाणे ठरू लागेल, अशी भीती निर्माण झाली. म्हणून कॉलेज बोर्ड या संघटनेने १९५४ मध्ये पालकांची आर्थिक माहिती एकाच नमुन्यात गोळा करणारी सेवा स्थापन केली. हार्व्हर्डचे जॉन मन्रो यांनी योजलेले सूत्र या कार्यात पायाभूत ठरले. केंद्र शासनाने १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना, १९५८ च्या कायद्याने कर्जरूपाने व १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमाने अनुदानरूपाने मदत सुरू केली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मूलभूत अनुदानास १९८० मध्ये सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव देण्यात आले. २०२४-२५ या वर्षी या अनुदानाची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती.

गरजेचे गणित : मूळ सूत्र साधे आहे. शुल्क, निवास, भोजन, पुस्तके, प्रवास व किरकोळ बाबी मिळून होणाऱ्या वार्षिक खर्चातून कुटुंबाची देयक्षमता वजा केली, की गरज निघते. देयक्षमतेच्या अंकास २०२४-२५ पासून ‘विद्यार्थी साहाय्य निर्देशांक’ म्हणतात. तो काढताना पालकांच्या उत्पन्नातून कर व कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेली निर्वाहाची रक्कम वगळतात. उरलेल्या रकमेत हिशेबात धरावयाच्या मालमत्तेचे १२ टक्के मिळवतात आणि त्या बेरजेवर २२ ते ४७ टक्के असा चढता दर लावतात. परिणामी पालकांच्या बचतीचा अधिकांत अधिक ५·६४ टक्के भाग देयक्षमतेत धरला जातो; तीच बचत विद्यार्थ्याच्या नावे असल्यास २० टक्के धरला जातो. निर्देशांक उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो.

उदाहरणार्थ, निर्देशांक २०,००० असलेल्या विद्यार्थ्याची गरज ३०,००० डॉलर खर्चाच्या संस्थेत १०,००० डॉलर, तर ८०,००० डॉलर खर्चाच्या संस्थेत ६०,००० डॉलर ठरते. दोन्ही संस्थांनी ही सर्व गरज अनुदानाने भागविली, तर दोन्हीकडे कुटुंबाचा भार सारखाच राहतो. परंतु बहुसंख्य संस्था संपूर्ण गरज भागवीत नाहीत. शिवाय भागविलेल्या गरजेतही कर्जाचा वाटा असतो. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००१ मध्ये कर्जाऐवजी अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. तथापि असे धोरण मोठा निधी असलेल्या संस्थांनाच परवडते.

गरजेची व्याख्या : या गणिताचे उत्तर कोणत्या बाबी मोजावयाच्या यावर अवलंबून असते. राहत्या घराची किंमत केंद्रीय पद्धतीतून १९९२ च्या दुरुस्तीने वगळली गेली. अनेक खाजगी विद्यापीठे मात्र स्वतःचा निधी वाटताना ती विचारात घेतात. एका कुटुंबातील दोन मुले एकाच वेळी महाविद्यालयात असल्यास पालकांचा वाटा पूर्वी विभागला जाई. २०२० च्या कायद्याने ही विभागणी रद्द केली व २०२४-२५ पासून ती थांबली. त्यामुळे उत्पन्न तेच असूनही अशा कुटुंबांची गणितातील गरज घटली. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरतात. मधल्या काळात नोकरी गेल्यास अर्थसाहाय्य अधिकारी पुरावे पाहून आकडे बदलू शकतो. चोवीस वर्षांखालील अविवाहित विद्यार्थी सामान्यतः पालकांवर अवलंबून मानला जातो. पालकांनी खर्च देण्यास नकार दिला, एवढ्याच कारणाने तो स्वतंत्र ठरत नाही. अशा विद्यार्थ्याच्या हाती पैसा नसतो आणि कागदोपत्री गरजही नसते.

स्पर्धा व समन्वय : आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे व मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्था या सामाईक अर्जदारांना देऊ केलेली मदत आपसांत ताडून समान करीत. ही किंमतनिश्चिती होय, असा आक्षेप घेऊन शासनाच्या न्यायखात्याने १९९१ मध्ये दावा दाखल केला. विद्यापीठांनी तडजोड मान्य केली. मॅसॅचूसेट्स संस्थेने दावा लढविला व १९९३ मध्ये समझोता झाला. १९९४ च्या कायद्याने गरज न पाहता प्रवेश देणाऱ्या संस्थांना समान सूत्र ठरविण्याची मर्यादित मुभा दिली. ती ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपली. दुसरीकडे, अनेक संस्था गुणवत्तेच्या नावाने शुल्कात सूट देऊन खर्च पेलू शकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आकर्षित करतात. त्यामुळे छापील शुल्क व प्रत्यक्ष भरावे लागणारे शुल्क यांत मोठे अंतर पडते. हे अंतर माहीत नसलेली गरीब कुटुंबे छापील आकडा पाहूनच अर्ज करण्याचे टाळण्याचा धोका असतो.

भारतीय संदर्भ : भारतात देयक्षमतेच्या चढत्या गणिताऐवजी बहुधा उत्पन्नमर्यादेची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रातील राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. ही पद्धत समजण्यास व राबविण्यास सोपी असते. परंतु मर्यादेच्या किंचित अलीकडचे कुटुंब पात्र, तर किंचित पलीकडचे पूर्णपणे अपात्र ठरते. अमेरिकेत विद्यार्थी म्हणून जाणाऱ्या भारतीयांना तेथील केंद्रीय साहाय्य मिळत नाही. त्यांना विद्यापीठांच्या निधीवर किंवा मुंबईत १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जे. एन्. टाटा निधीच्या कर्ज-शिष्यवृत्तीसारख्या मदतीवर अवलंबून राहावे लागते. हार्व्हर्ड, येल यांसारखी मोजकी विद्यापीठे परदेशी अर्जदाराची आर्थिक स्थिती प्रवेशाच्या वेळी पाहत नाहीत; इतर अनेक ठिकाणी ती निवडीवर परिणाम करते.

सारांश, गरज ही केवळ कुटुंबाची परिस्थिती नसून, त्या परिस्थितीतील काय मोजावयाचे याविषयीचा सामाजिक निर्णयही असते. सूत्र सूक्ष्म केल्यास न्याय वाढतो, पण अर्ज क्लिष्ट होतो आणि जाणकार मार्गदर्शक नसलेला विद्यार्थी त्यातच अडकतो. सूत्र सोपे केल्यास तो अर्ज करू शकतो, पण त्याची खरी अडचण नजरेआड होण्याचा संभव असतो. या दोहोंतील समतोल साधणे, हाच या विषयातील मुख्य प्रश्न होय.