छोट्या इंजिनाचा आवाज जुळवताना

मॉडेल रेल्वेच्या इंजिनातून शिट्टी नि डिझेलची घरघर ऐकू येते, ती पोटातल्या चिमुकल्या साउंड डिकोडरमुळे. त्याच्या प्रत्येक सेटिंगला सीव्ही म्हणतात. सीव्ही १ म्हणजे इंजिनाचा पत्ता. नव्या डिकोडरमध्ये तो बहुधा ३ असतो.

नुसता पत्ता बदलायचा तर हातातला कंट्रोलर पुरे. पण साउंड डिकोडरमध्ये शेकडो सीव्ही असतात आणि प्रत्येक आवाजाची पातळी वेगळी लावावी लागते. तिथे डिकोडरप्रो हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. संगणक आणि रुळांच्या मध्ये स्प्रॉगसारखी लहानशी यूएसबी पेटी जोडली की झालं. सगळे आकडे फाइलमध्ये राहतात. डिकोडर रीसेट करावा लागला तरी मेहनत वाया जात नाही.

मात्र डिकोडरप्रोतून मूळ आवाज बदलत नाही. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरमध्ये डिझेलऐवजी वाफेच्या इंजिनाचे आवाज भरायचे, तर त्याच कंपनीचा लोकप्रोग्रामर लागतो. म्हणून आपल्याकडे कोणते डिकोडर आहेत ते आधी पाहा, मग खिशात हात घाला.

सीव्ही वाचण्या-बदलण्याच्या, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या रुळावर डिकोडर बोलत नाही. मोटरला क्षणभर वीज देऊन होकार कळवतो. इंजिन केसभर पुढे सरकतं, ते यामुळेच! या रुळावर वीज मुद्दाम बेताची सोडतात. साउंड डिकोडरला कधी ती अपुरी पडते आणि पडद्यावर चूक दिसते. तेव्हा डिकोडर बिघडला असं लगेच समजू नका. आधी चाकं पुसा. तरीही वाचन होत नसेल तर प्रोग्रॅमिंग बूस्टर जोडून पाहा.