हाडं नाहीत, फक्त पावलं: हिचकॉक नावाच्या माणसाची चुकलेली आणि तरी जमलेली कारकीर्द

(या भागाचं हे लिखित रूप. बोलता बोलता झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच एक काम सांगते. तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत सिमेंटचा रस्ता असेल, तर खाली वाकून नीट बघा. कुठेतरी कुत्र्याच्या पंजांची एक रांग नक्की सापडेल. सिमेंट ओलं असताना तो तिथून गेला आणि रस्ता वाळला. आता तो कुत्रा कुठे असेल कुणास ठाऊक, पण तो कुठून आला, कुठे वळला, मध्येच कुठे थांबला, हे सगळं आज तुम्ही वाचू शकता.

आता सिमेंटच्या जागी नदीकाठचा चिखल धरा, कुत्र्याच्या जागी डायनोसॉर, आणि मध्ये साधारण 19-20 कोटी वर्षं जाऊ द्या. असे ठसे वाचणं हा एक खराखुरा पेशा आहे. या शास्त्राला इकनॉलॉजी म्हणतात. प्राण्याचं शरीर नाही, तर त्याने मागे ठेवलेल्या खुणा अभ्यासायच्या: पावलं, बिळं, सरपटल्याच्या रेषा, अगदी शेणसुद्धा.

मी स्वतः जिऑलॉजीत बीएस्सी केलंय. प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारायचंच, "दगडांत काय स्कोप असतो गं?" मला उत्तर देता यायचं नाही. पुढे मी ते क्षेत्र सोडलं आणि आवाजाच्या या धंद्यात आले. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून आज अशा माणसाची गोष्ट सांगते ज्याने या 'स्कोप नसलेल्या' विषयात अख्खं आयुष्य घातलं, ज्याचा मुख्य निष्कर्ष चुकला, आणि तरी ज्याचं काम आजही वापरात आहे.

पदवी नसलेला प्राध्यापक

त्यांचं नाव एडवर्ड हिचकॉक. नाही, सिनेमावाले नाहीत! हे 1793 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डीअरफिल्ड गावी जन्मले. तरुणपणी त्यांना खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं. आजारपणात डोळे कमजोर झाले आणि आकाश हातचं गेलं. कॉलेजची पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही. आधी चर्चमध्ये पाद्री झाले, मग 1825 मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजात रसायन आणि निसर्गविज्ञान शिकवायला लागले. 1830 च्या दशकात त्यांनी राज्याचं भूगर्भ सर्वेक्षण केलं. म्हणजे आभाळाकडे बघायचं ठरवलेला माणूस शेवटी जमिनीकडे बघायला लागला.

त्यांच्या भागातून कनेक्टिकट नदी वाहते. तिच्या खोऱ्यात तांबूस वालुकाश्माचे थर आहेत. 1802 च्या सुमाराला साउथ हॅडली गावात प्लिनी मूडी नावाचा शेतकऱ्याचा पोरगा नांगरत असताना एक फरशी वर आली. तिच्यावर तीन बोटांची पावलं होती. घरच्यांनी काय करावं? ती दाराशी पायरी म्हणून टाकली. पुढे ती एका डॉक्टरने घेतली आणि लोक गमतीने म्हणायला लागले, हा 'नोहाचा कावळा'. बायबलमधल्या महापुरात नोहाने नावेतून सोडलेला कावळा आठवतोय ना, तोच. डायनोसॉर हा शब्दच तेव्हा जन्माला यायचा होता; तो आला 1842 मध्ये.

1835: फुटपाथवर टर्की?

1835 मध्ये शेजारच्या ग्रीनफिल्ड गावात फुटपाथचं काम चालू होतं. फरश्या बसवणाऱ्या डेक्स्टर मार्श या कामगाराच्या हाताखालच्या दगडांवर पावलं दिसली, टर्कीसारखी. गावातले डॉक्टर जेम्स डीन यांनी ती बघितली (हेही सिनेमातले नाहीत, आजचा दिवसच तसा आहे) आणि हिचकॉकना पत्र लिहिलं.

हिचकॉकना आधी पटलं नाही. डीननी प्लास्टरचा साचा पाठवला, तेव्हा ते स्वतः आले, आणि आले ते तिथेच अडकले. पुढच्याच वर्षी, 1836 मध्ये, त्यांनी शोधनिबंध छापला आणि शास्त्राला नावही दिलं: ऑर्निथिक्नॉलॉजी, म्हणजे पक्ष्यांच्या ठशांचं शास्त्र. त्यांचं म्हणणं असं, की ही पावलं प्रचंड मोठ्या, प्राचीन पक्ष्यांची आहेत.

अनेकांनी विश्वास ठेवला नाही. एवढे मोठे पक्षी कुठे असतात का? मग 1839 मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेन यांनी न्यूझीलंडहून आलेल्या हाडाच्या एका तुकड्यावरून 'मोआ' या महाकाय पक्ष्याबद्दल सांगितलं. हिचकॉकना केवढा धीर आला असेल विचार करा!

आधी हे समजून घ्या: ठसा टिकतो कसा?

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत यातच आहे.

चिखल फार पातळ असेल तर पाऊल उचलताच ठसा मिटतो. फार कोरडा असेल तर उमटतच नाही. बरोबर हवा तेवढा ओलावा लागतो. मग ऊन पडून तो वाळायला हवा. मग पुढच्या पुराने आणलेला गाळ त्यावर अलगद पसरायला हवा, ओरबाडून न नेता. असे थरावर थर बसतात, दाबले जातात, त्यांचा दगड होतो. कोट्यवधी वर्षांनी तो दगड थराच्या सांध्यावर फुटला, की वरच्या फरशीवर उठाव आणि खालच्या फरशीवर खळगा. एकाच पावलाची दोन पानं.

त्या खोऱ्यात पावलं हजारोंनी मिळतात आणि हाडं अगदी मोजकी. याचं एक कारण साधं आहे: एका प्राण्याचा सांगाडा एकच, पण तो आयुष्यात पावलं किती टाकतो! आणि हाड सांगतं प्राणी कसा होता. पाऊल सांगतं तो त्या दिवशी काय करत होता. हिचकॉकना काही फरश्यांवर पावलांशेजारी पावसाच्या थेंबांचे खळगेसुद्धा सापडले. एका दुपारची सर, दगडात!

पावलावरून वेग

हे आजचे शास्त्रज्ञ कसं करतात? सोपं उदाहरण घेऊ. दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरचं पाऊल 35 सेंटिमीटर लांब आहे. ढोबळ नियम असा, की पावलाच्या लांबीच्या चौपट म्हणजे जमिनीपासून कंबरेच्या सांध्यापर्यंतची उंची. म्हणजे 1.4 मीटर. आता एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर मोजा. समजा ते 2.2 मीटर निघालं.

1976 मध्ये मॅकनील अलेक्झांडर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने माणसापासून हत्तीपर्यंतच्या जिवंत प्राण्यांची चाल बघून एक सूत्र मांडलं. त्यात हे दोन आकडे घातले, की वेग येतो ताशी सुमारे 7 किलोमीटर. म्हणजे हा प्राणी पळत नव्हता, झपाझप चालत होता. अंदाजच हा, पण हाडांवरून हे कळलं असतं का?

एक मोठी अडचणही सांगते. ताडोबातला वनरक्षक पगमार्क बघून 'हा वाघ' म्हणू शकतो, कारण वाघ तिथे आहे. इथे पाऊल आहे, पण ते टाकणारा समोर नाही. म्हणून या शास्त्रात ठशाला वेगळं नाव देतात, प्राण्याला वेगळं. हिचकॉकनी एका मोठ्या तीनबोटी ठशाला नाव दिलं 'युब्राँटीस', एका लहान, नाजूक ठशाला 'ग्रॅलेटर'. ही प्राण्यांची नावं नाहीत, पावलांची आहेत. युब्राँटीस नेमकं कुणाचं पाऊल, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. मांसाहारी डायनोसॉर, एवढंच.

श्रेय कुणाचं?

आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचली.

1840 च्या दशकात डीन आणि हिचकॉक यांच्यात जाहीर भांडण झालं. डीन म्हणत, मी बघितलं, मी ओळखलं, मी कळवलं. हिचकॉक म्हणत, पाहणं वेगळं आणि शास्त्र उभं करणं वेगळं. मोजमाप, वर्गीकरण, नावं हे सगळं मी केलं. दोघांचंही थोडं बरोबर आहे, नाही का?

पण त्या दोघांच्या आधी फरशी हातात होती ती डेक्स्टर मार्शच्या. फरश्या बसवणारा तो कामगार पुढे स्वतः ठसे शोधायला लागला, त्याने मोठा संग्रह केला. त्याच्या मृत्यूनंतर तो लिलावात गेला. आणि हिचकॉकांच्या वर्गात टांगायचे कापडी तक्ते आणि पुस्तकांतली चित्रं कुणी काढली? त्यांची पत्नी ऑरा व्हाइट हिचकॉक यांनी. मुखपृष्ठावर नाव एकाचं. खाली फरशी उचलणारे आणि रेषा ओढणारे हात किती!

आपल्या ऑफिसातही हेच चालतं, म्हणून सांगतेय. प्रेझेंटेशन कुणी केलं आणि 'थँक यू' कुणाला मिळालं, हे तुम्हाला माहीत असतं.

चुकले, पण...

1858 मध्ये हिचकॉकांचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्यांनी शंभराहून जास्त प्रकारच्या प्राण्यांचे ठसे मांडले. त्यासाठी कॉलेजात वेगळी इमारत उभी राहिली होती. 1864 मध्ये ते गेले, आणि शेवटपर्यंत तीनबोटी मोठी पावलं पक्ष्यांची, असंच मानत गेले.

पुढे कळलं की ती डायनोसॉरची होती. झालं, आयुष्य वाया? थांबा. 1860 च्या दशकातच थॉमस हक्सले यांनी पक्षी आणि डायनोसॉर यांचं नातं दाखवायला सुरुवात केली. शंभर वर्षांनी येल विद्यापीठाच्या जॉन ऑस्ट्रॉम यांनी ते नव्याने मांडलं. त्याच ऑस्ट्रॉमनी 1972 मध्ये हिचकॉकांच्याच खोऱ्यातल्या एका जागेवर एकाच दिशेने गेलेल्या पावलांच्या रांगा दाखवून विचारलं, काही डायनोसॉर कळपाने राहायचे का? आज शास्त्र म्हणतं, पक्षी हे डायनोसॉरच आहेत. हिचकॉकांचं उत्तर चुकलं, पण त्यांना जे साम्य दिसलं होतं ते खरं होतं.

आणि ती नावं? 2015 मध्ये राजस्थानात जैसलमेरजवळच्या थैयात इथल्या ठशांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात नावं होती युब्राँटीस आणि ग्रॅलेटर. मॅसॅच्युसेट्सच्या त्या पदवी नसलेल्या मास्तरांचे शब्द थरच्या वाळवंटात!

महाराष्ट्राचं काय? आपल्याकडे बराचसा भाग लाव्ह्याचा, त्यामुळे अशा पावलांची आशा कमी. पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातलं दगड झालेलं शेण मिळतं. त्याच्या अभ्यासातून 2005 मध्ये दिसलं, की त्या काळात गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं. तीही खूणच, तेही इकनॉलॉजीच.

मग, करायचं असेल तर?

थोडक्यात सांगते. बीएस्सी-एमएस्सी जिऑलॉजी, जीवशास्त्राची आवड असेल तर उत्तमच. संशोधनासाठी सीएसआयआर-नेट, मग पीएचडी. लखनौची बिरबल साहनी संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथे जीवाश्मांवर काम चालतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची वेगळी जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते. फक्त 'पावलांचा शास्त्रज्ञ' अशी जाहिरात येत नाही. आधी गाळाचे खडक शिकायचे, मग आपली वाट काढायची. जागा कमी, धीर जास्त.

आणि कधी दगडावर ठसा दिसलाच, तर उकरू नका. दगड हलला की तो कुठल्या थरातला, कुठल्या दिशेने चालला, ही अर्धी माहिती गेली. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, जवळच्या जिऑलॉजी विभागाला कळवा. आणि ज्याने तुम्हाला तो दगड दाखवला, त्या गुराख्याचं किंवा गवंड्याचं नाव त्या मेलमध्ये पहिल्या ओळीत लिहा. डेक्स्टर मार्शसाठी एवढं करू या.

आता पुढच्या लग्नात कुणी विचारलं, "दगडांत काय स्कोप?" तर मी म्हणणार आहे, "मावशी, 19 कोटी वर्षांचा."

सोसायटीतल्या कुत्र्याच्या ठशांचे फोटो मला पाठवा. तो चालत होता की पळत होता, तेही मोजून सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि अधूनमधून खाली बघून चाला!