साखर गोड, पण पाण्याचं काय?

मेसच्या चहात दोन चमचे साखर पडते, म्हणजे साधारण 10 ग्रॅम. एवढ्या साखरेसाठी शेतात किती पाणी लागलं असेल? चला, गणित मांडू. उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत सुमारे 2000 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी 2 कोटी लिटर. हेक्टरी 80 टन ऊस आणि 11 टक्के उतारा धरला, तर साखर निघते 8800 किलो. भागाकार केला की किलोला जवळजवळ 2270 लिटर पडतात! म्हणजे आपल्या एका कप चहातल्या साखरेमागे मोठी बादलीभर पाणी. यातलं काही पाऊस देतो. बाकीचं कालवा, नदी नाहीतर बोअरमधून येतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे अशा कारखान्यांमागोमाग गावोगावी रस्ते, बँका, शाळा, दवाखाने आले. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, तेव्हा कॉलेज काढायला सहकारातली मंडळीही पुढे आली. आपल्या हॉस्टेलवर कितीजणांची फी उसाच्या बिलातून येते, विचारून बघा! तेव्हा उसाला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही.

पण या विकासाचा खर्च कुठे लिहिला जातो? सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही. भूजल वर चढलं, बाष्पीभवन झालं आणि क्षार मागे राहिले. जमीन क्षारपड झाली. मराठवाड्यात उलटा प्रकार. पाऊस कमी, तरी ऊस वाढला. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं होतं आणि लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावं लागलं. पहिल्या गाडीत होतं 5 लाख लिटर. वरच्या हिशेबाने एवढ्या पाण्यात साखर होते फक्त सव्वादोन क्विंटल!

मग शेतकरी ऊस का लावतो? कारण सरळ आहे. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, घेणारा कारखाना आहे. ज्वारी-तुरीला ही खात्री नाही. त्यात कालव्याचं पाणी बहुतेक ठिकाणी मोजून नाही, तर क्षेत्रावर आकारलं जात आलं. मोटर एक तास जास्त चालली, तर पाणीपट्टी तेवढीच!

अर्थशास्त्रात 'एन्व्हायर्नमेंटल कुझनेट्स कर्व्ह' नावाचा उलट्या यू आकाराचा आलेख सांगतात: उत्पन्न वाढताना आधी पर्यावरण बिघडतं, मग पैसा आला की सुधारतं. काही शहरांच्या धुराबाबत हे दिसलंही. धूर थांबला की हवा निवळते. पण क्षारपड जमीन आणि उपसलेलं खोल भूजल हे पैसा आला म्हणून आपोआप परत येत नाही. कुणीतरी मुद्दाम काम करावं लागतं.

आणि ते काम आपल्याच शाखांचं आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणं हे सिव्हिलचं. पाणी मोजणारे स्वस्त मीटर हे इलेक्ट्रॉनिक्सचं. ठिबकने पाण्याची बरीच बचत होते. जुलै 2017 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णयही घेतला. पण बंद पडलेले ड्रीपर, गाळाने भरलेले फिल्टर आणि अवेळी येणारी वीज यांवर उत्तर नुसत्या निर्णयाने मिळत नाही. शिवाय ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर नदीला काय उरणार?

फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताना आधी आपल्या गावच्या विहिरीची पातळी मोजून बघा. विषय तिथेच सापडेल!